चाफ्याच्या पानाखाली तांबेरा काय करतो

आमच्या सोसायटीच्या गेटाशी पांढऱ्या चाफ्याचं जुनं झाड आहे. यंदा जुलैच्या अखेरीस त्याची पानं पिवळी पडून गळायला लागली आणि खालून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांवर नारिंगी डाग उमटू लागले. समोरच्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे, त्यामुळे ही विटांची धूळ असं सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मी खाली गेले, एक पान तोडलं आणि उलटं केलं. वरच्या बाजूला नुसते फिकट पिवळे ठिपके होते. पूड होती ती सगळी खालच्या अंगाला, टाचणीच्या डोक्याएवढ्या फोडांतून बाहेर आलेली. विटांची धूळ वरून पडते. ती पानाच्या पोटाकडची साल फाडून बाहेर कशी येईल?

माळीकाकांनी पानावरून बोट फिरवलं, बोटाचं टोक निरखलं आणि म्हणाले, "ताई, हा गेरवा आहे. आमच्याकडं गव्हावर पडतो तो." काका साताऱ्याकडचे. त्यांचं निदान अगदी बरोबर होतं.

गेरूसारखा दिसतो म्हणून गेरवा, तांब्यासारखा म्हणून तांबेरा. लोखंडाच्या गंजाशी याचा काही संबंध नाही. ही बुरशी आहे, आणि तिच्या सुमारे ८,००० जाती माहीत आहेत. गव्हाची वेगळी, जवसाची वेगळी, सोयाबीनची वेगळी, कॉफीची वेगळी. चाफ्यावर येणारीचं नाव कोलिओस्पोरियम प्लुमेरी. प्रत्येकीची आवड ठरलेली असते. चाफ्याचा तांबेरा शेजारच्या जास्वंदीला काहीही करत नाही, माणसाच्या पेशीतही तो शिरत नाही.

मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं. तांबेऱ्याचा धडा आला की मुलं पाच प्रकारच्या बीजाणूंची, म्हणजे बुरशीच्या बियांसारख्या दाण्यांची, नावं पाठ करायची, कारण परीक्षेत तीच विचारली जायची. पानाच्या एका पेशीत ही बुरशी नेमकं काय करते, ते मात्र पुस्तकात चार ओळींत उरकलेलं असायचं. मला कायम वाटत आलं की या बुरशीची खरी गोष्ट त्या चार ओळींतच आहे. ही बुरशी पेशीला मारत नाही. पेशी जिवंत राहावी, धडधाकट राहावी, यासाठीच तिची सगळी धडपड चाललेली असते. ती धडपड एकेका टप्प्याने सांगते.

आधी माप डोळ्यांपुढे आणू. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. तांबेऱ्याचा एक बीजाणू, म्हणजे त्या नारिंगी पुडीचा एक दाणा, २५ ते ३० मायक्रॉनचा. असे चाळीसेक बीजाणू एका ओळीत मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. तुमच्याकडे साधा सूक्ष्मदर्शक असेल तर पानावरच्या फोडावर सेलोटेपचा तुकडा दाबा, उचलून काचपट्टीवर चिकटवा आणि बघा. लंबगोल दाणे दिसतील, अंगावर बारीक खडबडीत उंचवटे, आत नारिंगी रंग. हा रंग कॅरोटिनॉइड नावाच्या द्रव्यांचा, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्याच कुटुंबातला. वाऱ्यावर उघड्या उन्हात उडत जाणाऱ्या दाण्याला तो उन्हापासून थोडं संरक्षण देतो.

फोडात हे बीजाणू दाटीवाटीने असतात, पाऊस पडत असतो, हवा ओलीचिंब असते. मग ते तिथल्या तिथेच का उगवत नाहीत? कारण प्रत्येक बीजाणूत उगवण रोखणारं एक रसायन असतं. गव्हाच्या आणि घेवड्याच्या तांबेऱ्यात ती रसायनं वेगळी काढून ओळखलीही गेली आहेत. दाणे गर्दीत असतात तोवर त्याचं प्रमाण एवढं राहतं की एकही उगवत नाही. एखादा दाणा सुटा होऊन दुसऱ्या पानावर पडला, पाण्याच्या पातळ थराने त्याच्यातलं रसायन धुऊन नेलं, की बंधन सुटतं. जिथे आधीच सगळं खाऊन झालंय तिथे उगवून उपयोग नाही, हा हिशेब त्या एवढ्याशा दाण्याच्या रसायनातच लिहिलेला आहे.

म्हणूनच मुंबईचा पावसाळा याला मानवतो. बीजाणूला उगवायला पानावर पाण्याचा थर लागतो आणि तो काही तास टिकावा लागतो. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्याला साधारण सहा ते आठ तास लागतात. उत्तरेकडच्या गव्हाला हे पाणी पहाटेच्या दवातून मिळतं. इथे जुलैत चाफ्याचं पान सुकतच नाही.

दाणा आधी पानाला चिकटतो. मग त्याच्यातून एक बारीक नळी फुटते, अंकुरनलिका. दाण्यात साठवलेली चरबी हीच तिची शिदोरी. पानावर तिला काहीही खायला मिळत नाही, कारण पानाचा पृष्ठभाग मेणचट आणि बंद असतो. शिदोरी संपायच्या आत तिला दार सापडायला हवं. हे दार म्हणजे पर्णरंध्र. पानाला श्वास घेण्यासाठी असलेलं हे बारीकसं छिद्र, त्याच्या दोन्ही बाजूंना ओठांसारख्या दोन रक्षक पेशी. बऱ्याच झाडांच्या पानांवर ही छिद्रं मुख्यतः खालच्या बाजूला असतात. बघायची असतील तर पानाच्या खालच्या अंगाला रंगहीन नेलपॉलिश लावा, वाळू द्या, सेलोटेपने अलगद सोलून काढा. त्या पापुद्र्यात रंध्रांचे ठसे स्पष्ट उमटलेले असतात.

डोळे नाहीत, मेंदू नाही, जेमतेम काही मायक्रॉन जाडीची नळी. तिला दार कसं सापडतं? ती चाचपडत जाते, आणि हे मी शब्दशः म्हणते आहे. गव्हाच्या पानावर नळी शिरांना आडवी वाढते. गव्हाची रंध्रं शिरांच्या दिशेने रांगेत असतात, त्यामुळे रूळ ओलांडावेत तशी आडवी जाणारी नळी कुठल्या ना कुठल्या रांगेवर येऊन पोचणारच. रंध्रावर पोचली की तिथेच थांबते. पण आपण रंध्रावर आहोत हे तिला कळतं कशावरून? तिथून येणाऱ्या वाफेवरून, एखाद्या वासावरून, की रसायनावरून?

याचं उत्तर १९८७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात हार्वी हॉक आणि सहकाऱ्यांनी फार सुंदर प्रयोगाने दिलं. कॉम्प्युटर चिप बनवायच्या तंत्राने त्यांनी सिलिकॉनवर ठराविक उंचीच्या बारीक कडा कोरल्या आणि त्यांचे प्लास्टिकमध्ये ठसे घेतले. त्या प्लास्टिकवर घेवड्याच्या तांबेऱ्याचे बीजाणू उगवू दिले. तिथे पान नाही, वास नाही, खाणं नाही. तरीही नळी ०.५ मायक्रॉन उंचीच्या कडेवर पोचली की थांबायची आणि दार फोडायची तयारी सुरू करायची. कड ०.२५ मायक्रॉनपेक्षा बुटकी असली तर तिचं लक्षच जात नसे, एक मायक्रॉनपेक्षा उंच असली तरीही नाही. आणि घेवड्याच्या रक्षक पेशीच्या ओठाची कड मोजली तर ती जवळपास अर्ध्या मायक्रॉनचीच. केसाच्या जाडीचा सुमारे दीडशेवा भाग! नळीच्या टोकाचं पटल कडेवर वाकून ताणलं जातं आणि त्या ताणाचा संदेश आत पोचतो. पटल ताणलं की उघडणाऱ्या वाहिन्या याच बुरशीत पुढे सापडल्या. वर्गात हा प्रयोग सांगताना दरवेळी मी थोडी थांबायचे. आंधळ्या माणसाने उंबरठा पायाने ओळखावा, तसं हे आहे.

रंध्र सापडलं की नळीचं टोक फुगतं आणि रंध्रावर गादीसारखं बसतं. याला ॲप्रेसोरियम म्हणतात, म्हणजे दाबून बसणारा अवयव. नळीतला सगळा ऐवज त्यात ओतला जातो आणि मागे पडदा घालून ती बंद होते. मग त्याच्या खालून एक बारीक खुंटी दोन रक्षक पेशींच्या मधून आत घुसते. गव्हाच्या खोडावरच्या तांबेऱ्यात इथे उजेडाची गरज लागते, रात्रीत तो दाराशी येऊन बसतो आणि दिवस उजाडल्यावर आत शिरतो. सोयाबीनचा तांबेरा मात्र या वाटेने जात नाही. तो रंध्र शोधत बसत नाही, वरच्या सालीची पेशीच थेट भेदतो. सांगली-कोल्हापूरकडच्या सोयाबीनवाल्यांना तो चांगलाच माहीत आहे.

आत शिरलं म्हणजे पेशीत शिरलं, असं नाही. हा फरक पुष्कळदा निसटतो, म्हणून चाळीचं उदाहरण घेते. चाळीच्या दरवाजातून आत आलेला माणूस अजून कुणाच्या खोलीत आलेला नसतो. तो जिन्यात असतो, गॅलरीत असतो. पानाच्या आतही तसंच. खालच्या बाजूच्या पेशी एकमेकींना चिकटून नसतात, त्यांच्यामध्ये हवेची मोकळी जागा असते. रंध्रातून आलेली खुंटी तिथे एका छोट्या पिशवीसारखी फुगते आणि तिच्यातून बुरशीचा धागा निघून या गॅलऱ्यांमधून सरकत जातो. प्रत्येक खोलीला जाड भिंत असते, सेल्युलोजची पेशीभित्तिका. तिच्या आतल्या अंगाला अगदी पातळ, तेलकट, लवचिक पेशीपटल. पेशीचा जीव या पटलात असतो. ते फुटलं की पेशी मेलीच.

धागा एखाद्या पेशीच्या भिंतीला टेकला की त्याचं टोक पुन्हा फुगतं, घट्ट चिकटतं आणि विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, मदतीने भिंतीत एक अगदी लहान भोक पाडतं. भोक एवढ्याच मापाचं, की पेशीला कळून ती सावध व्हायच्या आत काम व्हावं. त्या भोकातून बुरशीचं बोट आत येतं. पण पटल ते फाडत नाही.

हे कसं शक्य आहे? उकडीचा मोदक करताना पारी वळतो ते आठवा. उकडीच्या गोळ्यात अंगठा दाबला की तो गोळ्यात खोल जातो, चारी बाजूंनी त्याला उकड वेढते, पण उकड कुठेही फाटलेली नसते. अंगठा गोळ्याच्या आत आहे की बाहेर? बघणाऱ्याला आत दिसतो. उकडीच्या दृष्टीने तो बाहेरच आहे, कारण मध्ये पारी आहे. तांबेऱ्याचं बोट पेशीत असंच शिरतं. पेशीचं पटल आत दबतं, बोटाभोवती नवं पटल तयार होत जातं, आणि शेवटी बुरशीचा एक फुगीर अवयव पेशीच्या पोटात बसलेला दिसतो, तरी पेशीचं पटल अखंड असतं. या अवयवाचं नाव हॉस्टोरियम. लॅटिनमध्ये पाणी उपसणं या अर्थाच्या क्रियापदावरून ते आलं आहे. नाव चपखल आहे, कारण तो उपसायचंच काम करतो.

पेशीचं पटल आणि हॉस्टोरियम यांच्यामध्ये एक अरुंद फट राहते, तिच्यात चिकट द्रव असतो. देवाणघेवाण सगळी या फटीत होते. फट बाहेरच्या गॅलरीकडे उघडी राहिली तर पेशीतून काढलेली साखर गळून जाईल. म्हणून हॉस्टोरियमच्या मानेभोवती एक घट्ट कडं असतं, कुकरच्या झाकणाला रबरी रिंग असते तसं. त्यामुळे ती फट बाहेरून सीलबंद होते.

आता उपसा. पान उन्हात साखर बनवतं, ती फटीत येते. सुक्रोज असेल तर बुरशीचं विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करतं. आत ओढण्यासाठी हॉस्टोरियमच्या पटलात पंप असतात. ते हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, बाहेर फटीत ढकलत राहतात. आपल्या इमारतीत पंप पाणी वरच्या टाकीत चढवतो, त्यासाठी वीज खर्च होते, पण एकदा वर गेलं की नळाला आपोआप येतं. तसंच बाहेर साठलेले प्रोटॉन पुन्हा आत यायला बघतात, आणि आत येणाऱ्या वाटेवर साखरेचा एक-एक रेणू सोबत घेऊन येतात. ही वाट म्हणजे एचएक्सटी-१ नावाचं प्रथिन. बाकल्याच्या तांबेऱ्यात, जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठाच्या गटाने २००१ साली ते दाखवलं. ते हॉस्टोरियमच्या पटलात सापडलं, बाहेर गॅलरीत पसरलेल्या धाग्यांत नाही. म्हणजे जेवणाचं तोंड हेच, याचा तो पहिला ठोस पुरावा. आत आलेल्या साखरेचा काही भाग बुरशी मॅनिटॉल या साखरेसारख्या पदार्थात बदलते. वनस्पतीला तो सहज परत घेता येत नाही.

हे हॉस्टोरियम पानातून वेगळं कसं काढलं असेल, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर वाचून फार आनंद झाला. आपण अबईच्या शेंगांची भाजी करतो, त्यांच्याच जवळच्या नात्यातल्या एका शेंगेच्या बियांत कॉनकॅनॅव्हॅलिन नावाचं प्रथिन असतं. ते हॉस्टोरियमच्या पृष्ठभागावरच्या साखरांना चिकटतं. रोगट पानं वाटायची, तो रस हे प्रथिन लावलेल्या दाण्यांवरून सोडायचा. पानाचा चोथा वाहून जातो, हॉस्टोरियम चिकटून राहतात. स्वयंपाकघरातलं गाळणं आणि प्रयोगशाळेतलं गाळणं यांच्यात फार अंतर नाही.

अशी शेकडो तोंडं एका फोडामागे पानात काम करत असतात. आणि या सगळ्या काळात पेशी जिवंत असते. तिचं केंद्रक कित्येकदा सरकून हॉस्टोरियमच्या शेजारी येऊन बसलेलं दिसतं. गहू आणि इतर काही पिकांत तर बाकीचं पान पिवळं पडत असताना तांबेऱ्याभोवतीचं वर्तुळ हिरवंगार राहतं. बुरशी आपल्या जेवणाच्या जागी पानाला म्हातारं होऊ देत नाही.

पानाला हे कळत कसं नाही? पानही काही झोपलेलं नसतं. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, झुरळाच्या कवचातलंच द्रव्य, आणि वनस्पतीच्या पेशींना कायटिनची चाहूल लगेच लागते. त्यावर तांबेऱ्याचा उपाय असा, की पानाबाहेर असताना अंगावर कायटिन, आणि रंध्रातून आत शिरल्यावर पृष्ठभागावरच्या कायटिनचं कायटोसॅन करायचं. कायटोसॅन पानाच्या पहारेकऱ्यांना तितकंसं ओळखू येत नाही. पोषाख दाराशी बदलायचा आणि मग आत जायचं.

याशिवाय हॉस्टोरियम स्वतः प्रथिनं तयार करून फटीत सोडतो आणि त्यांतली काही पटल ओलांडून थेट पेशीत जातात. बाकल्याच्या तांबेऱ्याचं असं एक प्रथिन पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचलेलं २००५ साली दाखवलं गेलं. या प्रथिनांना इफेक्टर म्हणतात. पेशीचे अलार्म बंद करणं, साखरेची वाट मोकळी ठेवणं अशी त्यांची कामं. २०११ साली गव्हाच्या आणि पॉप्लर झाडाच्या तांबेऱ्यांची संपूर्ण जनुकं वाचली गेली, तेव्हा प्रत्येकीत इफेक्टर असू शकतील अशी हजाराहून जास्त छोटी प्रथिनं सापडली. त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली. मातीतलं नायट्रेट वापरण्यासाठी लागणारी जनुकं या बुरशींनी गमावली आहेत. दुसऱ्याच्या ताटात जेवायची इतकी सवय लागली, की स्वतःची चूल राहिली नाही. म्हणून कागदावर, पावावर, मेलेल्या पानावर तांबेरा वाढत नाही. प्रयोगशाळेत बशीतल्या खाद्यावर गव्हाचा तांबेरा पहिल्यांदा वाढवता आला तो १९६६ साली ऑस्ट्रेलियात, तोही फार मंद गतीने.

मग झाडाकडे उपाय काय? बुरशीला जिवंत पेशी हवी असेल, तर झाडाने ती पेशीच मारून टाकायची. प्रतिकारक्षम झाडं नेमकं हेच करतात. हॉस्टोरियम बसलेली पेशी काही तासांत स्वतःला संपवते, शेजारच्याही दोन-चार. पानावर एक बारीक तपकिरी ठिपका राहतो आणि बुरशी तिथेच उपाशी मरते. मेलेल्या पानांवर जगणाऱ्या बुरशीपुढे हा डाव उलटला असता, तिला तर मेजवानीच मिळाली असती. तांबेऱ्यापुढे मात्र तो बिनतोड ठरतो.

पण पेशीला शत्रू ओळखता आला पाहिजे. ही ओळख कशी पटते ते हॅरोल्ड फ्लोर या शास्त्रज्ञाने अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये १९४० च्या दशकात जवसावर दाखवलं. विदर्भात ज्याची चटणी करतात तेच जवस. त्याने जवसाच्या जातींचे संकर केले आणि तांबेऱ्याचेही संकर केले, दोन्ही बाजूंचा वंशवृक्ष मांडला. निष्कर्ष असा, की झाडाच्या एका प्रतिकारक जनुकासमोर बुरशीचं एक ठराविक जनुक उभं असतं, दोन्ही जुळली तरच झाडाला बुरशी ओळखू येते. आज आपल्याला माहीत आहे की बुरशीचं ते जनुक म्हणजे बहुतेकदा एखादा इफेक्टर. पेशीला आंधळं करायला पाठवलेलं प्रथिनच चोर पकडून देतं. २०२२ साली गव्हातल्या एसआर-३५ या प्रतिकारक प्रथिनाची रचना रेणूच्या पातळीवर उलगडली. तांबेऱ्याचा ठराविक इफेक्टर येऊन चिकटला की अशी पाच प्रथिनं एकत्र येऊन कडं करतात, त्या कड्यातून कॅल्शियम आत शिरतं आणि पेशीच्या मरणाची सुरुवात होते.

यात झाडाची अडचण अशी की बुरशीने तो एक इफेक्टर बदलला किंवा टाकून दिला, की ओळख पुसली. एसआर-३१ या जनुकाने जगभरच्या गव्हाला कित्येक वर्षं सांभाळलं होतं. १९९९ साली युगांडात नोंदवलेल्या यूजी-९९ या तांबेऱ्याच्या प्रकाराने ते निकामी केलं. म्हणून गव्हाची नवी जात काढणं हे काम कधी संपतच नाही. आपल्याकडे महाबळेश्वरला त्यासाठी गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. थंड, ओल्या हवेत तांबेरा तिथे सहज वाढतो, म्हणून कोणती जात टिकते हे तिथे पारखता येतं.

परत चाफ्याकडे. पानाच्या आत भरपेट झालेल्या बुरशीचे धागे खालच्या सालीशी गोळा होतात, बीजाणूंच्या साखळ्या धरतात, आणि वाढत्या दाटीने साल फाटते. आत शिरल्यापासून इथवर साधारण आठवडा ते पंधरवडा. म्हणजे आपल्याला फोड दिसतो तेव्हा आतलं बरंचसं काम होऊन गेलेलं असतं. झाडाचं खरं नुकसान इथून वाढतं. साखर तर गेलेलीच असते, त्यात साल फाटल्यामुळे पाणी राखणारा पापुद्राही गेला. पान ते सोसू शकत नाही आणि गळतं.

कोलिओस्पोरियम गटातल्या बऱ्याच बुरशी आयुष्याचा एक टप्पा पाइनच्या सुयांवर काढतात. गव्हाचा तांबेराही असाच दोन घरांचा, त्याचं दुसरं घर बार्बेरी नावाचं झुडूप. आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हे सिद्ध केलं. पण नारिंगी बीजाणूंना दुसऱ्या घराची गरज नसते, ते एका चाफ्यावरून दुसऱ्या चाफ्यावर थेट जातात. भारतातल्या गव्हाचंही असंच आहे. आग्र्याचे वनस्पतीशास्त्रज्ञ के. सी. मेहता यांनी आयुष्यभराच्या कामातून दाखवलं की आपल्याकडे बार्बेरीवाचून तांबेऱ्याचं काही अडत नाही, उन्हाळ्यात तो हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरीच्या थंड डोंगरांत तग धरतो आणि तिथून पुन्हा मैदानात उतरतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की झाड तोडायचं नाही, फांद्याही सपाट छाटायच्या नाहीत. गळलेली पानं रोज गोळा करून बंद पिशवीत टाकायची, खताच्या खड्ड्यात नाही. नळीने पाणी मारायचं तर बुंध्याशी, पानांवर नाही. दाट फांद्यांमधल्या एक-दोन विरळ केल्या तर वारा खेळेल आणि पानं लवकर सुकतील. हिवाळ्यात चाफा तशीही पानं टाकतो, उन्हाळ्यात नवी पालवी येते.

माळीकाका दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आले. मी रात्री काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात थोडे बीजाणू टाकून ती ओल्या टिपकागदासकट डब्यात झाकून ठेवली होती. त्यांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग डोळा न काढता म्हणाले, "ताई, यातल्या दोघांना सोंड फुटलीय. इकडंतिकडं वळतीय ती. काय हुडकतीय?"

काचेवर रंध्र नव्हतं. दुपारी पुन्हा पाहिलं तेव्हा दोन्ही नळ्या बऱ्याच लांब झाल्या होत्या, आणि मागचे दाणे रिकामे, रंग उडालेले दिसत होते.